हिशेबाचे ऑफिस : पार्टीला 'नाही' कधी म्हणावे?

आपल्या वस्त्यांमधून बी.कॉम., एम.कॉम. होऊन बाहेर पडणाऱ्या मुला-मुलींची धाव पूर्वी बँक, एल.आय.सी. किंवा सरकारी कचेरी एवढ्यापुरतीच असे. आता त्या जागा सहज मिळत नाहीत. म्हणून काही धडपड्या तरुणांनी दहा बाय बाराची एखादी खोली भाड्याने घेऊन, एक संगणक व एक प्रिंटर मांडून 'अकाउंट्स व टॅक्स कन्सल्टंट' अशी पाटी दाराला लावली आहे. ही निश्चितच आनंदाची गोष्ट आहे. परंतु यांपैकी काही ऑफिसे दोन-तीन वर्षांत बंद होतात. कारण विचारले तर 'धंदा चालला नाही' असे उत्तर मिळते. वास्तविक धंदा चाललेला असतो. कपाट फायलींनी भरलेले असते, फोन अखंड वाजत असतो. नसते ती वसुली, नसते ती झोप, आणि जवळच्या चार माणसांशी बोलणे बंद झालेले असते ते वेगळेच.

या धंद्यात ग्राहकाला 'पार्टी' म्हणतात. पार्टी कशी मिळवावी याचे सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. मिळालेल्या पार्टीशी मर्यादा कशी आखावी हे कॉलेजात शिकवीत नाहीत आणि घरीही कोणी सांगत नाही. मी स्वतः हिशेबनीस नव्हे. कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून म्हणून लागल्यावर जमा-नावे शिकलेला माणूस. परंतु कर्जाच्या फायली, स्टॉक स्टेटमेंट, उलाढालीचे दाखले, नफा-तोट्याची पत्रके अशी या लहान ऑफिसांतून निघालेली कागदपत्रे रोज टेबलावर येतात, आणि ती घेऊन येणाऱ्या तरुणांची दमछाकही दिसते. काउंटरच्या अलीकडून जे दिसले त्यावरून हे चार शब्द लिहीत आहे.

पहिली मर्यादा पार्टीची नव्हे, कायद्याची आहे, आणि ती आधी स्वतःला ठाऊक असली पाहिजे. चार्टर्ड अकाउंटंटचा व्यवसाय १९४९ च्या कायद्याने चालतो. ज्या हिशेबांचे ऑडिट सी.ए.नेच केले पाहिजे असे कायदा म्हणतो, तेथे दुसऱ्या कोणाची सही चालत नाही. सी.ए. नसलेल्या पदवीधराला वह्या लिहिता येतात, टॅलीवर नोंदी करता येतात, विवरणपत्रे तयार करता येतात. जीएसटी कायद्यात 'जीएसटी प्रॅक्टिशनर' म्हणून नोंदणीची सोय आहे, त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. हे काम सन्मानाचे आहे व त्यावर संसार चालतो. परंतु पार्टीला हा फरक माहीत नसतो. तिच्या दृष्टीने 'सगळे सी.ए.च'. मग ती म्हणते, "तुम्हीच सही मारून द्या ना, बँकेला काय कळतंय!" बँकेला कळते. २०१९ पासून सी.ए.ने दिलेल्या दाखल्यांवर व ऑडिट अहवालांवर यूडीआयएन नावाचा अठरा आकडी-अक्षरी क्रमांक बंधनकारक झाला आहे. तो क्रमांक आम्ही संस्थेच्या पोर्टलवर टाकतो आणि दाखला खरा की खोटा हे मिनिटभरात समजते. तेव्हा 'हे काम माझ्या अधिकारातले नाही, अमुक सी.ए.कडे चला, मी कागद तयार करून देतो' हे वाक्य पहिल्या भेटीतच बोलून टाकावे. त्यात कमीपणा काही नाही.

आपल्यासारख्या संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनीही येथे थोडे लक्ष द्यावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेचे हिशेब साधारणपणे सी.ए.कडून किंवा शासनाने अधिकृत केलेल्या व्यक्तीकडून दरवर्षी तपासून घ्यावे लागतात, तेही हिशेबाचे वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत. 'आपल्या अमक्याचा मुलगा कॉमर्सवाला आहे, तो करील फुकटात' असे म्हणून ते काम त्या मुलाच्या गळ्यात घालणे म्हणजे त्याला जे करता येत नाही ते करायला लावणे होय. पावतीपुस्तके जुळवणे, व्हाउचर लावणे ही मदत त्याच्याकडून जरूर घ्यावी, आणि शक्य तेथे तिचेही मानधन द्यावे.

तारखांचे गणित

हिशेबाचा धंदा तारखांवर चालतो, आणि पार्टीशी होणारी बहुतेक भांडणे तारखेवरूनच होतात. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला त्याच्या आधीही विक्रीकराची विवरणे होती, पण इतकी घाई नव्हती. आता दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचा तपशील, म्हणजे जीएसटीआर-१, पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यावा लागतो आणि कराचे विवरण, म्हणजे ३बी, २० तारखेपर्यंत. टीडीएस कापला असेल तर तो सात तारखेपर्यंत भरायचा असतो. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना २०२१ पासून तिमाही विवरणाची सवलत आहे. त्यांच्यासाठी तिमाही संपल्यावर १३ आणि महाराष्ट्रात २२ या तारखा. परंतु मधल्या दोन महिन्यांचा कर दरमहा २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो, हे बऱ्याच दुकानदारांना हिशेबनीसाने आठवण केल्याशिवाय आठवत नाही.

आता एक नेहमीचे चित्र पाहू. पार्टी १९ तारखेला रात्री नऊ वाजता बिलांची पिशवी आणून टेबलावर ठेवते. काही बिले पावसाने ओली, काहींचा आकडा पुसलेला, दोन-चार तर आदल्या वर्षीची. "उद्या शेवटची तारीख आहे म्हणे. बघा तेवढं!" त्या रात्री अशा सात पिशव्या आलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सगळा देशच पोर्टलवर बसतो, ते हळू चालू लागते, आणि दोन पार्ट्यांची विवरणे राहून जातात. ३बी उशिरा भरल्यास दररोज ५० रुपये विलंब शुल्क (कर काहीच देय नसेल तर २० रुपये) आणि न भरलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. तिसऱ्या दिवशी पार्टी विचारते, "हा भुर्दंड कोणी द्यायचा?"

कायद्याने तो व्यापाऱ्यावरच बसतो. पण संबंध टिकावा म्हणून कित्येक तरुण हा दंड खिशातून भरतात. एकदा भरला की तो त्यांच्याकडचा रिवाज होऊन बसतो. म्हणूनच नियम असा हवा : 'मागील महिन्याची सर्व बिले ५ तारखेपर्यंत आणून द्यावीत. त्यानंतर आलेल्या बिलांचे काम क्रमाने होईल; वेळेत होईलच अशी हमी नाही; विलंब शुल्क व व्याज पार्टीकडे.' आणि नियम सर्वांना सारखा. शेजारच्या किराणा दुकानदाराला पाच तारीख आणि मोठ्या ठेकेदाराला एकोणीस, असे चालले की तो नियम राहात नाही.

नियमाबरोबर कारणही सांगावे, म्हणजे तो पटतो. विक्रीचा तपशील वेळेत गेला नाही तर नुकसान आपल्या पार्टीपुरते राहात नाही. १ जानेवारी २०२२ पासून खरेदीदाराला कराची वजावट, म्हणजे क्रेडिट, मिळण्यासाठी विकणाऱ्याने ते बिल आपल्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवलेले असावे लागते. सिमेंटच्या विक्रेत्याने तपशील दिला नाही तर बांधकाम करणाऱ्याचे क्रेडिट अडते, आणि मग तो बांधकाम करणारा दुसऱ्या विक्रेत्याकडे वळतो. 'तुमचे गिऱ्हाईक जाईल' हे दुकानदाराला जितके चटकन समजते तितके कलम-पोटकलम समजत नाही.

फी आणि 'एवढंसं काम'

आपल्याकडे पहिल्या पिढीत धंद्यात उतरलेल्या मुलाची अडचण वेगळी असते. त्याच्या पहिल्या दहा पार्ट्यांपैकी सहा नात्यातल्या किंवा वस्तीतल्या असतात. त्यांनीच त्याला उभे केलेले असते, हे खरे. कोणी शाळेची फी भरली, कोणी वडिलांच्या आजारपणात धावून आले. अशांना फी सांगताना जीभ अडखळते. मग 'काका, तुम्हाला काय द्यायचं ते द्या' असे म्हटले जाते. काका मोठ्या प्रेमाने शंभराची नोट पुढे करतात, आणि वर्षभर ती शंभराची नोट दोघांच्या मध्ये पडून राहते.

थोडा हिशेब मांडून बघू. समजा महिन्याला १,५०० रुपये ठरले आणि ठरलेले काम चार तासांचे आहे. तासाला ३७५ रुपये झाले. आता त्याच पार्टीच्या भाच्याचे पॅन कार्ड, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेत दोन खेपा, वीजबिलातील नावाची दुरुस्ती आणि रोजचे पाच-सात फोन धरा. हे आणखी सहा तास. म्हणजे दहा तासांना १,५००, तासाला १५०. यातून खोलीचे भाडे, ऑपरेटरचा पगार, सॉफ्टवेअरचा खर्च वजा करा. उरते काय? पार्टीने यात काही लबाडी केलेली नाही. तिला प्रत्येक वेळी काम 'एवढंसं'च वाटले, कारण त्याचा हिशेब तिला कोणी दाखवलाच नाही. दुसऱ्यांचे हिशेब लिहिणारा माणूस स्वतःच्या वेळेचा हिशेब लिहीत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

नातलगाला सवलत द्यायची तर खुशाल द्यावी, पण बिल पूर्ण रकमेचे करून त्यात सवलत वेगळी दाखवावी. १,५०० रुपयांतून ५०० सूट, बाकी १,०००. सवलत दिसली की तिची किंमत राहते. फी दरमहा किंवा तिमाहीच्या आरंभी घ्यावी. वर्षअखेर घेऊ म्हटले की तोवर काम झालेले असते आणि पैसे देण्याची निकड संपलेली असते.

या सगळ्यासाठी एक पानाचे पत्र पुरते. मोठ्या सी.ए. फर्म असे पत्र घेतातच. लहान ऑफिसात त्याची अधिक गरज आहे, कारण तेथे सगळे तोंडी असते. मजकूर साधा असावा :

'आपल्या दुकानाचे खरेदी-विक्रीचे लेखन, जीएसटीची विवरणे व वार्षिक आयकर विवरण एवढे काम आमच्याकडे आहे. फी दरमहा रु. ……, महिन्याच्या १० तारखेपर्यंत. बिले ५ तारखेपर्यंत द्यावीत. नोटिसांची उत्तरे, कर्जाची फाइल व इतर कामे वेगळी असून त्यांची फी आधी ठरेल. दिलेली बिले व माहिती खरी असल्याची जबाबदारी आपली राहील. कराची रक्कम आपण स्वतः आपल्या खात्यातून भरावी. ऑफिसची वेळ सकाळी १० ते सायंकाळी ७; रविवारी बंद.'

खाली दोघांच्या सह्या, एकेक प्रत दोघांकडे. 'आपल्यातल्या आपल्यात पत्र कशाला?' असे कोणी म्हणेल. त्याला सांगावे, आपल्यातल्या आपल्यात आहे म्हणूनच. उद्या मी आजारी पडलो तर माझ्या माणसाला कळायला नको का, काय ठरले होते ते?

पैसा आणि किल्ल्या

वरच्या पत्रातील कराच्या रकमेचे वाक्य मी मुद्दाम घातले आहे. माझ्या मते या धंद्यातील सर्वांत धोक्याची सवय म्हणजे पार्टीच्या कराची रक्कम रोख स्वतःकडे घेणे. पार्टी म्हणते, 'मला ते नेट-बिट जमत नाही, हे घ्या अठरा हजार, भरून टाका.' हे पैसे गल्ल्यात पडतात. त्याच दिवशी भाडे द्यायचे असते. विचार असतो, पंधरा तारखेला दुसरीकडून येणार आहेत, तेव्हा भरू. येथून पुढे काय होते ते सांगायला नको. सी.ए.ने पार्टीचा पैसा वेगळ्या बँक खात्यात ठेवला नाही तर तो १९४९ च्या कायद्याप्रमाणे व्यावसायिक गैरवर्तन ठरतो. जो सी.ए. नाही त्यानेही तोच दंडक मानावा, किंबहुना त्याच्याही पुढे जाऊन पार्टीच्या पैशाला हातच लावू नये. चलन काढून द्यावे. पैसे पार्टीने स्वतःच्या खात्यातून भरावेत. जीएसटीत दहा हजारांपर्यंतची रक्कम बँकेच्या काउंटरवर रोखीनेही भरता येते. आम्ही तेथे त्यासाठीच बसलेलो असतो.

उलट प्रकारही तितकाच वाईट. 'आज भरा तुमच्याकडून, उद्या देतो.' ही उधारी मित्राला द्यावी, पार्टीला नाही.

दुसरी गोष्ट लॉग-इनची. जीएसटीची नोंदणी करताना पुष्कळ ठिकाणी हिशेबनीस स्वतःचाच मोबाइल नंबर आणि स्वतःचाच ई-मेल टाकतो. ओटीपीसाठी दर वेळी पार्टीला फोन करायला नको, एवढाच हेतू. पुढे नोटीस येते ती हिशेबनीसाच्या मेलवर. त्याने पाहिली नाही तर व्यापाऱ्याला तिचा पत्ताच नसतो. एके दिवशी बँक खाते गोठवल्याचे त्याला आमच्या काउंटरवर समजते. त्या वेळचा त्याचा चेहरा पाहवत नाही. तेव्हा मोबाइल व मेल पार्टीचाच टाकावा. डिजिटल सहीचे टोकन ही तर पार्टीची सहीच. तिच्या पार्टनरशिपच्या दहा टोकनांची दोरीत ओवलेली माळ आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवणे म्हणजे दहा कोऱ्या सह्यांचे कागद ठेवून घेणे होय. ओटीपीसाठी दोन मिनिटे फोन करण्याचा त्रास सोसावा. त्या दोन मिनिटांत पार्टीला आपले विवरण आज भरले जात आहे हे कळते, हाही एक फायदाच.

'आकडा बसवून द्या'

आता खऱ्या अवघड जागेकडे येऊ. कर्जाच्या फायलींचे काम करताना मला एकाच दुकानाचे तीन नफे भेटले आहेत : आयकरासाठी एक, बँकेसाठी एक आणि सोयरिकीसाठी एक. पहिला सर्वांत लहान, तिसरा सर्वांत मोठा. हसण्यावारी नेण्यासारखे वाटते, पण हे आकडे टंकित करणारा कोणीतरी पदवीधर असतो आणि फाइल बुडाली की पहिला फोन त्याला जातो. मुद्रा योजनेत, २०१५ मध्ये ती सुरू झाली तेव्हापासून, पन्नास हजारांपर्यंतचे 'शिशु' कर्ज आहे, पाच लाखांपर्यंतचे 'किशोर' आहे. खऱ्या आकड्यांवर पन्नास हजार मिळणाऱ्या माणसाला फुगवलेल्या आकड्यांवर पाच लाख मिळवून देणे ही मदत नव्हे. हप्ता खऱ्या दुकानातून भरायचा असतो, कागदावरच्या दुकानातून नव्हे.

८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतरचे दिवस आम्ही काउंटरवरची माणसे विसरू शकत नाही. ३० डिसेंबरपर्यंत जुन्या नोटा जमा करायच्या होत्या. त्या काळात कित्येक हिशेबनीसांना त्यांच्या पार्ट्यांनी गळ घातली की, मागच्या तारखांची रोख विक्री दाखवा. पुढे जानेवारी २०१७ मध्ये आयकर खात्याने 'ऑपरेशन क्लीन मनी' सुरू केले, खात्यांतील रोख भरण्याची माहिती विवरणांशी ताडून पाहिली आणि लोकांकडे खुलासे मागितले. मागच्या तारखांच्या नोंदी तेव्हा अंगाशी आल्या. २०२० साली तर १९६१ च्या आयकर कायद्यात अशी तरतूद आली की, वहीत खोटी नोंद आढळली तर त्या नोंदीच्या रकमेएवढा दंड, आणि ती नोंद करायला लावणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीलाही तेवढाच. 'मी फक्त टायपिंग केलं' या बचावाच्या भरवशावर राहू नये.

नकार द्यायचा तर कसा? रागावून नव्हे, उपदेश करून तर मुळीच नव्हे. वयाने मोठ्या माणसाला उपदेश केला की मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि 'चार बुकं शिकला म्हणून आम्हाला शिकवतो' एवढेच शिल्लक उरते. मला आवडलेला एक संवाद येथे देतो. बोलणारी मुलगी एका तालुक्याच्या गावी ऑफिस चालवते. ठेकेदार तिच्या वडिलांचे स्नेही.

"बाई, हे दोन लाखांचं खडीचं बिल आहे. घालून टाक."

"काका, खडी आली का साइटवर?"

"आता तू पण विचारणार का?"

"मी नाही विचारलं तर ऑफिसर विचारेल. ट्रकचा नंबर, ई-वे बिल, पैसे कोणत्या खात्यातून दिले ते. मला हे बिल घालता येणार नाही, काका."

"मग कर किती बसतो माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणूनच दुसरा रस्ता काढलाय. तुमची उलाढाल दोन कोटींच्या आत आहे. अनुमानित उत्पन्नाची सोय घेऊ. बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के, रोखीवर आठ टक्के. तुमचा खरा नफा त्याच्याहून फार जास्त नाही. बिलाची गरजच नाही."

ठेकेदार बिल खिशात घालून निघून गेले. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'तसंच कर.' नेहमीच असे होईल असे मी म्हणत नाही. दुसरा एखादा पिशवी उचलून पलीकडच्या ऑफिसात जातो, आणि ते जाणे सोसावे लागते. परंतु तिच्या बोलण्यात तीन गोष्टी आहेत, त्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्याव्यात. तिने नकार कामाला दिला, माणसाला नाही. 'बघते', 'प्रयत्न करते' असे लोंबकळते शब्द वापरले नाहीत. आणि कायद्यात बसणारी वाट आधी शोधून ठेवली होती. शेवटची गोष्ट अभ्यासाशिवाय येत नाही. ज्याला कायदा नीट माहीत नाही त्याच्यापुढे होकार आणि नकार एवढे दोनच पर्याय उरतात, आणि मग पोटासाठी तो होकार देतो.

गुपित, घर आणि वेळ

लहान गावात गुप्तता राखणे हे फार जड काम आहे. दोन भाऊ वेगळे झालेले आणि दोघांच्या वह्या एकाच ऑफिसात. समोरासमोरची दोन मेडिकल स्टोअर्स, तीही तिथेच. 'त्याचा गल्ला किती होतो रे?' हा प्रश्न चहा पिता पिता येतो. सोयरिकीच्या दिवसांत तर मुलीकडची मंडळी सरळ विचारतात, 'मुलाचं उत्पन्न सांगतो ते खरं आहे ना? तुमच्याकडेच फाइल आहे म्हणे.' मुलीच्या हिताचा प्रश्न असतो, विचारणारा आपलाच असतो. तरी उत्तर एकच : 'विवरणाची प्रत त्यांच्याकडेच मागा, ते दाखवतील.' पार्टीच्या संमतीवाचून किंवा कायद्याने मागितल्यावाचून तिची माहिती बाहेर देणे हे सी.ए.च्या बाबतीत गैरवर्तन मानले जाते. इतरांना तो नियम लागू नसला तरी गाव मात्र लागू करते.

घरातूनच ऑफिस चालवणाऱ्या मुलींची कुचंबणा याहून अधिक. पार्टी थेट स्वयंपाकघरापर्यंत येते, सासूबाईंशी गप्पा मारत बसते, आणि उठताना 'तेवढं आजच करा' म्हणून जाते. शक्य असेल तर बाहेरची ओटी किंवा एक कोपरा तरी ऑफिसचा ठरवावा आणि वेळेची पाटी लावावी. धंद्याचा फोन नंबर वेगळा घ्यावा. रात्री आठनंतर तो बंद. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या बिलांच्या फोटोंना रात्री अकराला 'ठीक आहे' असे उत्तर दिले की उद्यापासून अकरा हीच ऑफिसची वेळ होते. ऑफिसात काम करणाऱ्या मुलींचे खासगी नंबर पार्ट्यांकडे जाऊ देऊ नयेत. हे मालकाने पाहायचे असते, त्या बिचाऱ्या बोलत नाहीत.

पार्टी सोडताना

काही पार्ट्या सोडाव्याच लागतात. वर्षभर फी नाही, दर महिन्याला तोच तमाशा, किंवा खोट्या बिलांचा हट्ट. परंतु १८ तारखेला भांडून २० तारखेचे विवरण अर्धवट टाकू नये. तिमाही किंवा वर्ष जेथे पुरे होते तेथे थांबावे, महिनाभर आधी लेखी कळवावे. थकलेल्या फीसाठी पार्टीच्या मूळ वह्या व बिले अडकवून ठेवणे मला पटत नाही. तिचे कागद तिलाच लागतात, कारण जीएसटी कायद्यात त्या वर्षीचे वार्षिक विवरण भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवण्याची जबाबदारी व्यापाऱ्यावर आहे. आगाऊ फी घेतलेली असेल तर अडवणुकीची वेळच येत नाही. नवीन हिशेबनीसाचा फोन आला तर त्याच्याशी नीट बोलावे. सी.ए. लोकांत तर आधीच्या ऑडिटरला लेखी कळवल्याशिवाय नव्याने ऑडिट स्वीकारता येत नाही.

जाताना फायलींची यादी दोन प्रतींत करावी : बिलांचे गठ्ठे किती, कोणत्या महिन्यापर्यंतची विवरणे भरली, कोणती बाकी, लॉग-इन कोणाच्या नंबरवर आहे, टोकन परत दिले की नाही. पार्टीची सही घ्यावी, तारीख टाकावी आणि आपली प्रत फायलीला लावून ठेवावी.